विधवेचा वाटा

प्रिय वायनो,

वाटा पोचला. काल दुपारी डॉना आली आणि खाटकाच्या पांढऱ्या कागदात बांधलेला हरणाचा पुढचा खांदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून गेली. कागदावर तुझ्या ढब्बू अक्षरात लिहिलं होतं, ‘हेल्मी आणि पोरीसाठी, कॅम्पकडून.’ डॉना कॉफीला थांबली नाही. कोटही काढला नाही तिने. ट्रेंट वाट बघत असेल, रस्ता निसरडा झालाय, असं काहीबाही बोलून निघाली. तुझी मुलगी असूनही तिला लाज वाटते हे पाहून बरं वाटलं. ते तिच्या आईकडून आलं असणार.

‘प्रिय’ वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात तशी करतात असं मी पुस्तकात वाचलंय. मला जे काही येतं ते पुस्तकातूनच येतं, असं तूच तुमच्या शिकारीच्या कॅम्पच्या पायरीवर उभा राहून चारजणांच्या देखत म्हणाला होतास. तर तसं समज.

हा वाटा तुझ्या वडिलांनी सुरू केला हे तू दर वर्षी गुत्त्यात बसून सगळ्यांना ऐकवतोस. खाणीत माणसं जिवानिशी जायची, मागे बायकापोरं उरायची, म्हणून कॅम्पच्या पहिल्या हरणाचा पुढचा खांदा ज्या घरात पुरुष राहिला नाही त्या घरी द्यायचा. खरं आहे ते. पण म्हातारा तो खांदा स्वतः उचलून न्यायचा, मागच्या दाराशी ठेवायचा आणि दार न वाजवता परत फिरायचा. कोणी दिलं हे त्या बाईला कळून तिची मान खाली जाऊ नये म्हणून. तू त्यावर नाव घालून पाठवतोस, आणि पाठवायच्या आधी अर्ध्या गावाला सांगतोस. टपालाच्या खिडकीशी मिसेस लाहती मला म्हणाली, वायनोचं मन किती मोठं आहे. मी म्हटलं, पोटही मोठं आहे.

ऑक्टोबरात तू आमच्याकडे आला होतास ते आठवतंय ना? तेव्हा तुझी दोन कामं होती. एक, दर वर्षीसारख्या मी कॅम्पसाठी मांसाचं सारण भरून पॅस्टी भाजून द्यायच्या, बटाटा आणि सलगम जास्त, कांदा कमी, कारण तुझ्या जावयाला, ट्रेंटला, कांद्याने जळजळतं. दुसरं, तुझ्या भावाची, अर्विदची बंदूक. ती मुळात तुझ्या वडिलांची, म्हणून ती कॅम्पच्या भिंतीवर शोभेल, असं तू म्हणालास. बोलताना तू माझ्याकडे बघत नव्हतास, दाराच्या वर खुंटीवर टांगलेल्या बंदुकीकडे बघत होतास. अर्विद खाटेवर होता तेव्हाही तू दोनदा आलास आणि दोन्ही वेळा असंच बघत बसलास. तो गमतीने म्हणायचा, वायनो आजाऱ्याला भेटायला येतो की तिला, काही कळत नाही.

मग मी विचारलं, सायमाचं काय? ती आता चौदाची झाली, कायद्याने तिला परवाना मिळतो, बापाने तिला या नोव्हेंबरात कॅम्पवर न्यायचं कबूल केलं होतं. तिथली खिडकीखालची त्याची खाट रिकामी आहे. तू टोपी हातात फिरवत म्हणालास की ती खाट ट्रेंटला दिली. तो आता घरचा आहे. पोरीने हवं तर एखाद दिवस येऊन भांडी घासावीत, पण शिकारीचं म्हणशील तर तिथे पुरुष असतात, शिव्या असतात, तिलाच अवघड होईल. वायनो, तुझ्या शिव्या मी एकोणीस वर्षं ऐकतेय. त्यात अवघड असं काही नाही, त्याच त्या पाच आहेत.

आणि ट्रेंट. पुलापलीकडच्या परगावच्या माणसाला मी त्या एका कारणासाठी नावं ठेवणार नाही, तिकडेही चांगली माणसं असतील. पण जो माणूस घरोघरी गरम पाण्याचे टब विकतो आणि आपल्या वाफेच्या सौनात दोन मिनिटांत बाहेर पळतो, त्याला तू माझ्या नवऱ्याची खाट दिलीस. त्याच्यासाठी ओढ्याच्या काठावर मचाण बांधलंस, त्याला काचेची खिडकी, आत गॅसची शेगडी आणि चाकांची खुर्ची. मचाणासमोर गाजरं आणि बीट ट्रकने ओतलेस. हरणांना जेवायला बोलावून त्यांच्यावर गोळी झाडायची, याला तुझे वडील काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. त्यांच्याही पाचच शिव्या होत्या.

पॅस्टी मी दिल्या नाहीत. बंदूकही दिली नाही. तू जाताना म्हणालास, ‘मग पोरीला शिकारीला काय तू नेणार?’ आणि हसलास. त्या घटकेपर्यंत माझ्या मनात तसं काही नव्हतं, हे तुला सांगून ठेवते. ती कल्पना तुझीच.

मी आयुष्यात बंदूक झाडलेली नाही. पण अर्विद घरी येऊन जे बोलायचा ते मी ऐकत आले. फिरत्या ग्रंथालयाची गाडी यायची तिच्यातून मी हरणांवरची होती नव्हती ती सगळी पुस्तकं आणली. कोणत्या वाऱ्याला कुठे बसायचं, गोळी कुठे लागली तर हरीण कसं पळतं, रक्ताचा रंग काय सांगतो. सायमाला पुस्तकांची गरज नव्हती. तिला बापाने शिकवलं होतं, आणि ते मी पाहत होते. फेब्रुवारीत त्याला उठवत नव्हतं. तो उशीला टेकून बसायचा, ती खिडकीशी गुडघ्यावर. बंदुकीत रिकामं काडतूस. नेम कशावर, तर बाहेर दोरीवर राहिलेल्या कपड्यांच्या एका चिमट्यावर. वाऱ्याने चिमटा हलला की तो म्हणायचा, ‘हललं तर नको. उद्या बघू.’ तिने चाप न ओढता बंदूक खाली घेतली की तो डोळे मिटायचा आणि खूश दिसायचा. शेवटी शेवटी दिवसभरात तेवढंच बोलायचा. एप्रिलमध्ये तेही थांबलं. चिमटा मी अजून काढलेला नाही.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात दोघांनी तळघरात बसून शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतल्या होत्या. आख्ख्या गावात आता कोणी ओतत नाही, सगळे दुकानातून तांब्याच्या वेष्टनातल्या टोकदार गोळ्या आणतात. तू हसायचास, म्हणायचास, अर्विद हरणांवर मासेमारीची वजनं फेकतो. सायमाने त्यातल्याच गोळ्या घेतल्या. दुकानातल्या नकोत म्हणाली.

तर पंधरा तारखेला, हंगाम उघडला तेव्हा, आम्ही गेलो. आमच्याच चाळीस एकरांत, दलदलीच्या कडेला अर्विदचं बसायचं जे पडलेलं देवदार आहे तिथे. माझ्या अंगावर त्याचं नारिंगी जाकीट, हातात कॉफीचा थर्मास, मांडीवर बंदूक नाही. थंडी अशी होती की पापण्या चिकटत होत्या. उजाडता उजाडता चारी बाजूंनी बार ऐकू यायला लागले, तुमच्याकडूनही आले. सायमा हलली नाही. एक मादी आली, दोन पाडसं आली, आमच्याकडे बघून गेली. मला वाटलं, बस, एवढं पाहिलं तरी पुरे, आता घरी जाऊन अंडी तळू. तेवढ्यात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

तो नर दलदलीतून वर आला तो मान खाली घालून, मादीचा वास घेत. शिंगं मला दिसलीच नाहीत, मला त्याची वाफ दिसली. झाडांच्या मध्ये थांबला. सायमाने बंदूक उचलली, आणि तो चालू लागला. तिने बंदूक खाली घेतली. पुन्हा थांबला, समोर फांदी होती. तिने पुन्हा खाली घेतली. वायनो, तू तेवढ्या वेळात तीन बार काढले असतेस. तिसऱ्यांदा तो आडवा उभा राहिला, मोकळ्यात. माझ्या कानाशी तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला, आणि मग बार झाला. नर उंच उडाला, मागचे पाय झाडले, शेपूट खाली दाबून ओढ्याच्या दिशेने पळाला. ती लगेच उठायला लागली. मी तिचं जाकीट धरून तिला बसवलं. थर्मास उघडला. अर्विद नेहमी म्हणायचा की बार झाल्यावर कॉफी प्यायची, हरणाला शांतपणे पडू द्यायचं, मागे धावून पळवायचं नाही. ती प्यायली. तिचे दात कपाला लागून वाजत होते, पण प्यायली. कॉफी संपायच्या आत ओढ्यापलीकडून एक बार ऐकू आला. मी त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही. त्या सकाळी बार काय कमी होते?

मग आम्ही माग काढला. आधी केस, मग रक्त. गुलाबी, फेसाचं. फुप्फुसाचं. पुस्तकात आहे, आणि सायमाला पुस्तकाशिवाय कळलं. माग सरळ ओढ्यापर्यंत गेला आणि ओढ्यापलीकडे बर्फात उतरला. पलीकडची जमीन कॅम्पची. विचारल्याशिवाय बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत पाय ठेवायचा नाही हे तिला बापाने शिकवलंय. मी म्हटलं, काकाचीच जमीन आहे, चल. ती म्हणाली, नाही आई, विचारून येऊ. म्हणून आम्ही उलटे फिरलो, गाडी काढली आणि रस्त्याने वळसा घालून तुझ्या दारात आलो. आता मला वाटतं, त्या सकाळी तिथे रीत पाळणारं माणूस एकच होतं आणि ते चौदा वर्षांचं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू ते तुझ्या सोयीने विसरला असशील. तू पायरीवर कप घेऊन उभा होतास. मी सांगितलं की पोरीचं हरीण ओढा ओलांडून गेलंय, आम्ही फक्त मागावर जाऊन येतो. तू म्हणालास की आज पहिला दिवस, माणसं मचाणांवर बसलीत, तुम्ही बायका तिथून फिरलात तर सगळी हरणं उधळतील, अंधार पडल्यावर बघू. मी म्हटलं, रक्त फेसाचं आहे, ते लांब गेलेलं नाही. तू विचारलंस, ‘हे पण पुस्तकात वाचलंस?’ मागे कोणीतरी हसलं. तिथवर ठीक होतं. मी तुझी वहिनी आहे, मला सवय आहे.

पण मग तू सायमाकडे वळलास. ‘पोटात लागली असणार. आता कुठेतरी पडून दोन दिवस कण्हत मरेल. खात्री नसली तर चाप ओढायचा नाही, हे बापाने शिकवलं नाही का तुला?’

बापाने शिकवलं नाही का. फेब्रुवारीभर खिडकीशी गुडघे टेकून बसलेल्या पोरीला तू हे विचारलंस. ती गाडीत येऊन बसली आणि बंदुकीतल्या उरलेल्या गोळ्या काढून माझ्या हातात दिल्या.

दुपारी बर्फ सुरू झालं ते थांबलंच नाही. अंधार पडल्यावर तू तुझ्याकडच्या कोणाला तरी कंदील देऊन आमच्याबरोबर पाठवलंस, त्याचे उपकार. तोवर सगळं पांढरं झालं होतं. सायमा हातांनी बर्फ उकरत होती.

मग गुरुवारच्या साप्ताहिकात ट्रेंटचा फोटो आला. ‘पहिलंच हरीण, आठ टोकांची शिंगं.’ शिंगं दोन्ही हातांनी धरलेली, दात सगळे बाहेर. मी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. हरणाचं डोकं आहे, मान आहे, आणि पुढे फोटो संपतो. मला ते विचित्र वाटलं. तू तर कॅम्पवरच्या प्रत्येक हरणाचा शेपटापर्यंत फोटो काढून घेतोस आणि दर वर्षी पहिलं हरीण गावच्या ओंडक्यावर सगळ्यांना बघायला चार दिवस टांगून ठेवतोस. हे मात्र त्याच संध्याकाळी कातडं काढून खाटकाकडे गेलं. संशय मला तेव्हाच आला. पण संशयावर पोरीला झोप लागत नाही, म्हणून मी गप्प बसले.

ती रोज शाळेतून आली की दप्तर टाकून ओढ्यावर जायची. तू परवानगी दिली नव्हतीस, म्हणून अलीकडच्या काठानेच. कावळे कुठे उतरतात ते बघायची. एकदा मी मागोमाग गेले, तर ती उभी राहून नुसती ऐकत होती. कण्हणं ऐकू येतंय का ते. बंदूक तिने साफ करून, तेल लावून खुंटीला टांगली आणि मला म्हणाली, काकाला देऊन टाक. मांस खायचं बंद केलं. हे सगळं मी तुला कळवलं नाही, कारण तुझ्या तोंडचं दुःख मला ऐकायचं नव्हतं. अर्विद गेला तेव्हा ते ऐकलं होतं. त्या दिवशीही तू जेवून घेतल्यावर रडलास.

आणि काल तुझा वाटा आला.

तुला वाटलं असेल, मी तो कुत्र्याला घालेन. माझ्या मनात ते आलं. पण मांस हे मांस आहे, आणि ते हरीण तुझं नातेवाईक नव्हतं. आज सकाळी मी खांदा सोडवायला घेतला. पात्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला, जिथे मांस काळं पडलं होतं, सुरी कशावर तरी अडली. मी बोट घातलं, तर आत गोळी. कोणाही पाहुण्याच्या दातात आली असती तर तो शिव्या देत थुंकला असता. ती चपटी झाली आहे, पण बूड शाबूत आहे. करडं शिसं, जाडजूड, वर तांब्याचा पापुद्रा नाही. ट्रेंटच्या बंदुकीच्या नळीत ही गोळी शिरणारसुद्धा नाही. अलीकडच्या बरगड्यांतून शिरली, दोन्ही फुप्फुसांतून गेली आणि पलीकडच्या खांद्यात थांबली. पोटाच्या जवळपासही नाही, वायनो.

मी तुझ्यावर अन्याय करणार नाही. पायरीवर उभा होतास तेव्हा तुला माहीत नसेल. पण संध्याकाळी ते हरीण तू उघडलंस. ट्रेंटला कोंबडीसुद्धा साफ करता येत नाही, म्हणजे तूच उघडलंस. तू जन्मभर हरणं उघडतोयस. मानेत ट्रेंटच्या गोळीचं भोक आणि बरगडीत दुसरं, ते तुला दिसलं. फुप्फुसांचा लगदा हाताला लागला. आत राहिलेली गोळी तेवढी तू शोधली नाहीस. कोणाचं हरीण ते तुला त्या क्षणी कळलं, आणि तेव्हा आमची पोर ओढ्यावर कंदिलाच्या उजेडात बर्फ उकरत होती. तू हात धुतलेस. मग लोकांत मिरवायला त्याच हरणाचा खांदा आम्हाला धाडलास. एवढा मोठा लबाड आणि एवढा निष्काळजी, हे एकाच माणसात फार कमी वेळा सापडतं.

सायमा शाळेतून आली तेव्हा मी गोळी धुऊन तिच्या ताटलीशेजारी ठेवली होती. तिने ओळखली. तिनेच ओतली होती. बराच वेळ तळहातावर फिरवत राहिली. मग आम्ही तो खांदा गाजर घालून शिजवला, आणि ती जेवली. दोनदा वाढून घेतलं. मला वाटलं, आता ती चिडेल, शिंगं मागेल, गावभर सांगूया म्हणेल. मी तयार होते, कोटही खुंटीवरून काढून ठेवला होता. तिने एवढंच विचारलं, ‘आई, मग ते लगेच पडलं, की ट्रेंटने गोळी घालेपर्यंत उभं होतं?’

हे मला माहीत नाही. कोणत्याही पुस्तकात नाही. ते ट्रेंटला माहीत आहे, आणि त्याने तुला सांगितलं असणार, कारण तो काहीच पोटात ठेवू शकत नाही. म्हणून हे पत्र. रविवारी चर्च सुटल्यावर इकडे ये, त्यालाही घेऊन ये. टोपी काढून टेबलाशी बसा आणि तिला जसं झालं तसं सांगा. ते पडलेलं होतं तर पडलेलं होतं म्हणा, उभं होतं तर उभं होतं म्हणा. ती ऐकून घेईल. खोटं बोललात तर तिला कळेल, चिमटा किती हलतो हे ओळखणारी पोर आहे ती. शिंगं आणू नका, ती तिला नको आहेत. तुझी माफीही नको, ती ठेवायला या घरात जागा नाही. कॅम्पच्या तुळईवर अर्विदच्या नावाशेजारी ट्रेंटने चाकूने आपलं नाव कोरलंय असं ऐकते, त्याचं काय करायचं ते तू बघ, रंधा तुझ्याकडे आहे. आणि पुढच्या वर्षीपासून वाटा दुसरीकडे पाठवत जा, आमच्या घरात आता शिकारी आहे. कॉफी मी ठेवीन.

तुझीच वहिनी, दुर्दैवाने,
हेल्मी